गाठ लिंबाएवढी, ऑपरेशन सहा तासांचे

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर पुष्कळदा असे दोन रुग्ण भेटतात. एकाच्या पाठीवर नारळाएवढी गाठ होती. ऑपरेशन तासाभरात उरकले आणि दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरून घरी निघाला आहे. दुसऱ्याच्या गुडघ्यामागे जेमतेम लिंबाएवढी गाठ आहे. तिच्यासाठी एमआरआय झाला, सुईने तुकडा काढून तपासणी झाली, पाच आठवडे रेडिएशन झाले, आता रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांच्या तारखा जुळवणे चालू आहे आणि ऑपरेशन सहा तास चालेल असे सांगितले गेले आहे. "एवढ्याशा गाठीला एवढे सगळे कशाला?" असे त्याचे वडील विचारतात, तेव्हा "गाठ अवघड जागी आहे" इतकेच उत्तर मिळते. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

गाठ किती मोठी दिसते यावरून ऑपरेशनचा अंदाज बांधणे ही आपली सवय असली, तरी प्रत्यक्षात गाठ कोणत्या जातीची आहे, ती शरीराच्या कोणत्या कोपऱ्यात बसली आहे, तिच्या शेजारी कोण आहे आणि तिला याआधी कोणी हात लावला आहे का, यावर बरेच काही ठरते. जात आणि जागा आपल्या हातात नसते. आधी कोणाचा हात लागावा हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात असते, म्हणून त्या मुद्द्यावर पुढे जरा जास्त लिहिले आहे.

मऊ ऊती म्हणजे काय

ऊती म्हणजे एका प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचे विणकाम. शरीरातून हाडे, पोटातले व छातीतले अवयव आणि वरची त्वचा वजा केली, की जे उरते ते बहुतेक सगळे मऊ ऊतींत मोडते. त्यात चरबी, स्नायू, स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि या सगळ्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे तंतुमय अस्तर येते. यांपैकी कशातूनही गाठ निघू शकते. सर्वांत परिचित म्हणजे चरबीची गाठ, जिला डॉक्टर लायपोमा म्हणतात. अशा निरुपद्रवी गाठी घातक गाठींच्या निदान शंभर पटींनी अधिक असतात. घातक गाठीला, म्हणजे या ऊतींच्या कॅन्सरला, सार्कोमा असे नाव आहे. प्रौढांच्या एकूण कॅन्सरांत त्याचा वाटा साधारण एक टक्का, आणि त्या एका टक्क्यातही पन्नासाहून अधिक जाती आहेत.

दुर्मीळपणा हाच या आजाराचा पहिला अडसर आहे. शेकडो चरबीच्या गाठी काढलेल्या सर्जनच्या हाताखालून एखादाच सार्कोमा जातो, आणि तोही सुरुवातीला चरबीच्या गाठीसारखाच गुपचूप, न दुखणारा असतो. शंभर वेळा साधीच गाठ निघालेली असते, त्यामुळे एकशे एकाव्या वेळीही हात त्याच सवयीने चालतो. 'दुखत नाही म्हणजे साधी' हा समज तर रुग्णांइतकाच काही डॉक्टरांतही आढळतो. जगभरातील तज्ज्ञ संशय घेण्यासाठी वेगळ्या खुणा सांगतात. पाच सेंटिमीटरहून मोठी, वाढत जाणारी, स्नायूंच्या खाली खोलवर असलेली किंवा एकदा काढून पुन्हा आलेली गाठ साधी समजू नये. खोली ओळखण्याची एक सोपी रीतही आहे. गाठीखालचा स्नायू आवळायला लावला आणि गाठ वरच्यावर तशीच हलत राहिली, तर ती बहुधा कातडीखालच्या चरबीत असते; ती घट्ट रुतून बसली किंवा बोटांना कमी लागू लागली, तर स्नायूत किंवा त्याच्याही खाली.

शेंगेतला दाणा आणि शेतातली हरळी

लायपोमा काढताना सर्जन कातडीला छेद देतो, गाठीच्या कडेने बोट फिरवतो आणि पिकल्या शेंगेतून वाटाणा निघावा तशी गाठ बाहेर येते. तिला स्वतःचे पातळ वेष्टन असते आणि त्या वेष्टनाबाहेर तिचे काही नसते. गाठ नारळाएवढी असली तरी काम हेच; छेद मोठा, इतकाच फरक.

सार्कोमालाही वेष्टन असल्यासारखे दिसते आणि तिथेच फसगत होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथक पुढे सरकते तेव्हा बाजूची गर्दी दाबली जाऊन पथकाभोवती माणसांचे कडे तयार होते. लांबून ते कडे पथकाचेच वाटते, पण ती बघ्यांची गर्दी असते आणि पथकातले दोन-चार जण त्या गर्दीत मिसळलेले असतात. वाढणारा सार्कोमा आजूबाजूच्या स्नायूला असाच दाबत जातो. त्या दबलेल्या थराचे खोटे वेष्टन बनते आणि त्यात व त्याच्या पलीकडेही कॅन्सरच्या पेशी विखुरलेल्या असतात. तोही वाटाण्यासारखा सोलून निघतो, सर्जनला काम सुरेख झाल्यासारखे वाटते, आणि गाठीचे बी मात्र आत राहून जाते.

काही जातींत हे पसरणे आणखी दगलबाज असते. मिक्सोफायब्रोसार्कोमा नावाची गाठ वयस्कर माणसांच्या हातापायांवर कातडीखाली येते आणि स्नायूंवरच्या पापुद्र्याच्या कडेकडेने लांबवर शेपट्या सोडते. शेतातली हरळी ज्याने खणली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. वर मूठभर गवत दिसते, खाली तिची मुळी कुठवर गेली आहे ते कुदळ मारल्याशिवाय कळत नाही आणि एक कांडे राहिले तरी पुढच्या पावसात ती पुन्हा हजर होते.

म्हणून सार्कोमाच्या ऑपरेशनचा नियम असा की गाठीभोवती निरोगी ऊतीचे एक आवरण ठेवून सगळे एकसंध काढायचे. चांगल्या झालेल्या ऑपरेशनात सर्जनला गाठ दिसतच नाही. त्याला दिसतो तो तिच्याभोवतीचा लालसर स्नायू. हे आवरण साधारण एक सेंटिमीटर जाडीचे असावे असे बहुतेक ठिकाणी मानतात. मात्र मध्ये स्नायूवरचा चिवट पापुद्रा असेल, तर तेवढा एक थरही पुरतो. मटण साफ करताना मांसावरचा जो पांढरा, ताणला तरी न तुटणारा पापुद्रा सोलून काढतात तो हाच. गाठीच्या पेशींना तो सहजी ओलांडता येत नाही. गाठ कापत कापत काढणे, गाठीच्या कडेने काढणे, निरोगी आवरणासह काढणे आणि तो सगळा कप्पाच काढणे, ही आज जगभर वापरली जाणारी विभागणी अमेरिकेतील अस्थिशल्यतज्ज्ञ विल्यम एनेकिंग यांनी १९८० साली रूढ केली.

निरुपद्रवी गाठी मात्र सगळ्या सोप्या असतात असे नाही. मज्जातंतूवर येणाऱ्या दोन गाठी पाहा. श्वानोमा नावाची गाठ मज्जातंतूच्या एका बाजूला फुग्यासारखी वाढते आणि मज्जातंतूचे धागे तिच्यावरून पसरलेले असतात. सर्जन भिंगातून पाहत ते धागे अलगद बाजूला सारतो, मधला पडदा उभा चिरतो आणि गाठ सोलून काढतो. हाताची बोटे पूर्वीसारखी चालतात. न्यूरोफायब्रोमा बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, पण त्यात मज्जातंतूचे धागे गाठीच्या पोटातून गेलेले असतात. रायवळ आंब्याच्या कोयीला जशा रेषा असतात, तशी ही गुंतागुंत असते. गाठ काढायची तर धागे तुटणार आणि धागे वाचवायचे तर गाठ उरणार. अशा वेळी ती काढूच नये, हाही शहाणा निर्णय ठरू शकतो.

मोकळ्या खोलीतली गाठ आणि एसटी स्टँडवरची गाठ

मांडीचे स्नायू एका लांबट वाड्यासारखे असतात. पुढची, मागची आणि आतल्या बाजूची अशा तीन खोल्या, आणि मध्ये त्या चिवट पापुद्र्यांच्या भिंती. पुढच्या खोलीच्या मधोमध बारा सेंटिमीटरची गाठ असली, तरी तिच्याभोवती स्नायूचे भरपूर आवरण घेता येते. चार स्नायूंपैकी एक-दोन गेले तरी उरलेल्यांवर माणूस चालतो. भिंती असल्यामुळे गाठही बराच काळ आपल्या खोलीत राहते.

गुडघ्यामागची खोलगट जागा मात्र खोली नव्हेच. तो एसटी स्टँड आहे. मांडीतून पोटरीकडे जाणारी मुख्य धमनी, परतीची मोठी शीर आणि पायाला हालचाल व संवेदना देणारे दोन मुख्य मज्जातंतू, हे सगळे चरबीच्या मऊ गादीतून एकमेकांना खेटून जातात आणि मध्ये भिंत म्हणावी असे काही नसते. जांघ, काख आणि कोपराचा पुढचा खळगा यांची हीच रचना आहे. इथे लिंबाएवढी गाठसुद्धा एका बाजूने धमनीला आणि दुसऱ्या बाजूने मज्जातंतूला टेकलेली असते. निरोगी आवरण एक सेंटिमीटर हवे आणि शेजारी दोन मिलिमीटरवर पायाचा सगळा रक्तपुरवठा, असे गणित तिथे सुटत नाही. तळहात आणि मान या जागाही अशाच. तिथे तर सेंटिमीटर हे मापच चैनीचे वाटते.

एमआरआयची चित्रे सर्जन इतकी निरखून पाहतात ती यासाठी. गाठीने धमनीला नुसते बाजूला सारले आहे की विळखा घातला आहे, हा पहिला प्रश्न असतो. बाजूला सारले असेल तर धमनीवरचे तलम वेष्टन गाठीसोबत सोलून घेता येते. निम्म्याहून अधिक घेराला विळखा असेल, तर धमनीचा तेवढा तुकडा गाठीसह काढून नवी वाहिनी जोडावी लागते. त्यासाठी बहुधा दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूची लांब शीर काढून घेतात आणि ती उलटी करून बसवतात. शिरेत रक्त एकाच दिशेने जावे म्हणून झडपा असतात. सुलटी बसवली तर त्याच झडपा धमनीच्या रक्ताची वाट अडवतील. केसाहून बारीक धाग्याने एकेक टाका घालून हे जोडकाम होते, मग रक्त अडवायला धमनीला लावलेले चिमटे सोडतात आणि सगळ्यांची नजर पावलाकडे जाते. पांढरे पडलेले पाऊल गुलाबी होईपर्यंत कोणी बोलत नाही. सहा तासांतले दोन-अडीच तास इथे जातात.

मज्जातंतूची गोष्ट वेगळी, कारण त्याला असा पर्यायी तुकडा जोडून पूर्ण काम परत मिळत नाही. म्हणून जोवर तो गाठीने गिळलेला नाही तोवर त्याचे बाहेरचे वेष्टन, वायरीवरचे प्लास्टिक काढावे तसे, गाठीसोबत काढतात आणि आतल्या तारा ठेवतात. तरीही तो गमवावा लागणार असेल, तर कोणता मज्जातंतू यावर पुढचे आयुष्य ठरते. मांडीच्या मागचा जाड सायटिक मज्जातंतू गेला तर पाऊल लोंबते आणि तळव्याची जाणीव जाते, पण बुटात बसणारी पट्टी लावून माणूस चालू शकतो. फक्त तळव्याला झालेली जखम रोज डोळ्यांनी शोधावी लागते. मांडीच्या पुढचा मज्जातंतू गेला तर गुडघा ताठ धरता येत नाही आणि जिना उतरणे जिवावर येते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतिपत्रावर सही घेताना ही बोलणी सविस्तर व्हायला हवीत. नुसते 'कमजोरी येऊ शकते' म्हणून भागत नाही.

मग आकार अगदीच गौण का?

तसे म्हणता येणार नाही. गाठ जितकी मोठी, तितकी ती जास्त शेजाऱ्यांना टेकते, तिच्यामागे हात घालायला जागा उरत नाही आणि काढल्यावर राहणारा खड्डाही मोठा असतो. पोटाच्या पोकळीमागे, मूत्रपिंडांच्या आसपास येणाऱ्या सार्कोमात हे सर्वांत ठळक दिसते. तिथे रिकामी जागा पुष्कळ असल्याने गाठ वीस-तीस सेंटिमीटरची होईपर्यंत काही त्रासच देत नाही. पोट सुटले असे समजून माणूस पट्ट्याचे भोक बदलत राहतो. या गाठी बऱ्याचदा चरबीच्याच सार्कोमाच्या असतात. निरोगी चरबी कुठे संपली आणि रोगट कुठे सुरू झाली हे उघड्या डोळ्यांना नीट कळत नाही, म्हणून गाठीबरोबर त्या बाजूचे मूत्रपिंड आणि मोठ्या आतड्याचा भाग एकसंध काढावा लागतो. मूत्रपिंडात कॅन्सर नसताना ते का काढले, असा प्रश्न नातेवाईक रागाने विचारतात. ते काढले जाते ते निरोगी आवरण म्हणून. पायात जे काम स्नायूचा थर करतो, ते इथे अवयवाला करावे लागते.

रक्तस्राव हा आणखी एक घटक. रक्तवाहिन्यांचेच जाळे असलेल्या गाठी लहान असल्या तरी कापताना आवरत नाहीत. त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी आतून नळी घालून बंद करतात. हातापायांच्या ऑपरेशनात रक्त थांबवायला वर पट्टा आवळतात, तेव्हाही एक बारकावा पाळला जातो. एरवी पट्टा फुगवण्याआधी रबरी बँडेज घट्ट गुंडाळून पायातले रक्त वर पिळून काढतात. गाठ असताना असे पिळत नाहीत, पाय काही मिनिटे नुसता उंच धरतात. गाठ दाबली जाऊन तिच्या पेशी रक्तात ढकलल्या जाऊ नयेत, हा हेतू.

याआधी कोणी हात लावला आहे का?

कठीणपणाच्या सगळ्या घटकांत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा हाच आहे, कारण तो निसर्गाने दिलेला नसतो.

प्रसंग नेहमीचा आहे. मांडीवर गाठ आहे, 'चरबीची असेल, काढून टाकू' असे ठरते, एमआरआय होत नाही, जागच्या जागी भूल देऊन आडवा छेद घेतला जातो, गाठ खोटे वेष्टन धरून सोलून निघते, थोडी फुटतेही, आणि टाके घालून रुग्ण घरी जातो. काही वेळा काढलेली गाठ बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवली जाते आणि पॅथॉलॉजीकडे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, न जाता कचऱ्यात जाते. सहा महिन्यांनी त्याच जागी ती पुन्हा वर येते, तेव्हा कोठे सार्कोमाचे नाव निघते.

आता मोठ्या केंद्रातल्या सर्जनपुढे काय असते ते पाहा. पहिल्या खेपेला गाठ हे एक स्पष्ट लक्ष्य होते. डब्यात बंद तीळ होते म्हणा ना. आता डबा पिठाच्या परातीत उपडा झाला आहे. ज्या ज्या ऊतीला चाकू लागला, जिथवर रक्त साकळून पसरले, जिथून जखमेतले पाणी वाहून नेणारी ड्रेनची नळी बाहेर काढली, तिथवर गाठीच्या पेशी गेल्या असण्याची शक्यता धरावी लागते आणि तेवढा सगळा मुलूख काढावा लागतो. स्नायूंच्या खोल्या उभ्या असतात, म्हणून हातापायावरचा छेद उभा घ्यायचा असतो. आडवा छेद एकाऐवजी दोन खोल्या उघडतो आणि पुढे त्या रुंदीची सगळी कातडी काढावी लागते. नुसत्या टाक्यांनी मिटली असती अशी जखम मग पाठीचा स्नायू आणून झाकावी लागते.

याचा पद्धतशीर हिशेब बॉस्टनचे अस्थिशल्यतज्ज्ञ हेन्री मँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडला. हाडांच्या व मऊ ऊतींच्या घातक गाठी असलेल्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, त्यांनी पडताळून पाहिल्या. १५ जणांचा, म्हणजे साडेचार टक्के रुग्णांचा, हात किंवा पाय केवळ चुकीच्या बायोप्सीमुळे विनाकारण काढावा लागला होता. मुख्य उपचार जिथे झाले त्याऐवजी आधीच्या रुग्णालयात बायोप्सी झाली असल्यास अडचणी तीन ते पाच पटींनी अधिक होत्या. १९९६ साली ५९७ रुग्णांवर हाच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा चित्र फारसे बदललेले नव्हते.

हे लिहिताना तालुक्याच्या डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचा हेतू नाही. गाठ साधी निघण्याची शक्यताच प्रचंड असते आणि प्रत्येकाला एमआरआयला पाठवणे ना शक्य ना शहाणपणाचे. पण पाच सेंटिमीटर आणि खोली या दोन खुणा पाहायला यंत्र लागत नाही. आणि काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे, यात सवलत नको. मुंबईच्या परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात हाडे व मऊ ऊतींच्या गाठींसाठी स्वतंत्र तज्ज्ञांचा गट आहे. अशा केंद्रात जाताना रुग्णाने रिपोर्टच्या कागदांबरोबर पहिल्या तपासणीत गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या, एमआरआयची सीडी आणि पहिल्या ऑपरेशनची नोंद मागून न्यावी. छेद कोठे घेतला आणि ड्रेन कोठून काढला हे त्या नोंदीतूनच कळते.

"सुई टोचली की गाठ चवताळते, म्हणतात"

'गाठीला हत्यार लागू देऊ नये' हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे आणि त्याचे मूळ अगदीच खोटे नाही. वर सांगितलेले फसलेले ऑपरेशन ज्यांनी घरात पाहिले, त्यांनी हत्यार लागल्यावर गाठ वाढलेली पाहिलीच आहे. चूक होते ती नीट योजलेल्या सुईच्या तपासणीलाही त्याच रांगेत बसवण्यात. ही तपासणी जाडसर पोकळ सुईने करतात आणि तीत शेवेच्या काडीएवढा तुकडा मिळतो. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढल्या तर गाठीचे विणकाम दिसत नाही आणि सार्कोमाची जात ओळखायला ते विणकामच पाहावे लागते. सुई कोठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणारा सर्जन ठरवतो, म्हणजे सुईची वाट पुढच्या छेदाच्या रेषेवर येते आणि गाठीबरोबर काढूनही टाकता येते. तपासणी टाळून थेट काढायला जाणे हाच जास्त धोक्याचा मार्ग आहे, कारण जात माहीत नसेल तर किती आवरण घ्यायचे हेच ठरवता येत नाही.

"एवढी जोखीम घेण्यापेक्षा पायच काढला तर?"

एके काळी सर्जनही असाच विचार करत. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली. १६ जणांचे अंगविच्छेदन केले, तर २७ जणांचा हात किंवा पाय वाचवून गाठ काढली आणि रेडिएशन दिले. वाचवलेल्या गटात चौघांना त्याच जागी गाठ पुन्हा आली, विच्छेदनाच्या गटात कोणालाही नाही. पण जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. सार्कोमा मारतो तो बहुधा रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन, आणि पाय काढल्याने फुप्फुसात आधीच पोचलेल्या पेशी परत येत नाहीत. अभ्यास लहान होता, पण त्यानंतर दिशा बदलली आणि आज बहुतेक रुग्णांचा अवयव वाचतो. धमनी, मज्जातंतू आणि हाड सगळेच गाठीने वेढले असेल, किंवा वाचवलेला पाय नुसता लोंबता राहणार असेल, तेव्हा विच्छेदन हाच प्रामाणिक सल्ला असतो.

ऑपरेशन कठीण झाले ते यामुळेच, हेही मान्य केले पाहिजे. पाय काढायला तासभर लागतो, वाचवायला दिवस जातो.

रेडिएशन: आधी की नंतर

रेडिएशन कडेला राहिलेल्या सूक्ष्म पेशी मारते, त्यामुळे धमनीशी किंवा मज्जातंतूशी निरोगी आवरण दोन मिलिमीटरच मिळाले तरी चालवून घेता येते. ते ऑपरेशनच्या आधी द्यावे की नंतर, याची तुलना कॅनडात ब्रायन ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी केली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी दिल्यास मात्रा कमी पुरते, ५० ग्रे. नंतर दिल्यास ६६ ग्रे लागतात. ग्रे हे रेडिएशनचे माप आहे. पण आधी रेडिएशन घेतलेल्यांत जखमेच्या तक्रारी ३५ टक्के होत्या, नंतर घेतलेल्यांत १७ टक्के. उलट, नंतर दिलेल्या जास्त मात्रेने पुढे वर्षानुवर्षे पाय कडक होणे, सांधा आखडणे हे अधिक होते. जखमेचा त्रास काही महिन्यांत सरतो, आखडलेला सांधा बहुधा सरत नाही. म्हणून अनेक केंद्रे आधी देणे पसंत करतात आणि पाच आठवडे रेडिएशन, पुढे महिना-दीड महिना थांबून ऑपरेशन, असे वेळापत्रक बसते. या थांबण्याला नातेवाईक 'तारीख मिळत नाही' असे समजतात.

आणि जखम मिटणार कशी

गाठ निघाली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेल्या खड्ड्यात जोडलेली धमनी उघडी आहे, वर कातडी नाही, आणि आजूबाजूच्या ऊतीने रेडिएशन सोसले आहे. तिथे प्लास्टिक सर्जन पोटरीचा किंवा पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह आणून बसवतो. मांडीच्या आतल्या बाजूच्या जखमा सर्वांत हट्टी असतात. मधुमेह, लठ्ठपणा आणि तंबाखू यांनी त्या आणखी रेंगाळतात. सिगारेट सोडा म्हटले की रुग्ण 'मी फक्त मशेरी लावतो' म्हणतात. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जाते आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतेच.

कठीण ऑपरेशन म्हणजे वाईट आजार?

हा समज पुसणे सर्वांत अवघड जाते. ऑपरेशनचा कठीणपणा आणि आजाराचा धोका या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. डेस्मॉइड नावाची तंतुमय गाठ फुप्फुसात कधीच जात नाही, पण स्नायूत अशी विणली जाते की काढली तरी पुन्हा येते. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी ती आधी न कापता ठरावीक महिन्यांनी एमआरआय करून नुसती पाहत राहतात. काही जणांची आपोआप आकसतेही. याउलट कातडीखालचा तीन सेंटिमीटरचा आक्रमक सार्कोमा अर्ध्या तासात स्वच्छ निघतो आणि वर्षभराने छातीच्या सीटी स्कॅनमध्ये डाग दिसतो.

गुडघ्यामागच्या त्या लिंबाएवढ्या गाठीचे ऑपरेशन संपते तेव्हा परिचारिकेच्या हातातल्या भांड्यात लाल स्नायूचा एक गोळा असतो, आणि गाठ कुठेच दिसत नाही. सर्जन त्याच्या वरच्या कडेला आखूड आणि बाहेरच्या कडेला लांब धागा बांधतो, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला त्याच्या टेबलावर दिशा कळतील. तो सगळ्या बाजूंना शाई लावेल, मग काप घेऊन शाईपासून पहिली घातक पेशी किती मिलिमीटरवर आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजेल. बाहेर बाकावर वडील 'ऑपरेशन कसे झाले?' म्हणून विचारतात. त्या आकड्याचा कागद यायला साधारण आठवडा लागतो, आणि तोवर सर्जनलाही त्याचे पुरे उत्तर माहीत नसते.